बहात्तर किलोचा मार्गदर्शक

वजन या विषयावर मला कोणी काही शिकवू नये! अहो, सगळी नोकरी लिफ्टच्या कंपनीत गेली माझी. लिफ्टच्या दारात उभा राहून, आत शिरणाऱ्या माणसाकडे नुसती एक नजर टाकली की मी त्याचं वजन सांगतो. बायका रागावतात, पुरुष पोट आत ओढतात, पण आकडा चुकत नाही. त्यामुळे आमच्या कन्येच्या शाळेतल्या रोबो-संघाला मार्गदर्शक हवाय आणि त्यांचा सगळा घोळ वजनावरच होतो, असं कळलं तेव्हा मला वाटलं, हे पद माझ्यासाठीच रिकामं ठेवलेलं होतं.

आमच्या हिचं मत थोडं वेगळं पडलं. "बाकी कुणाचे वडील रिकामे नसतील," ती म्हणाली.

आता हा रोबो-संघ म्हणजे काय प्रकार, ते सांगतो. दरवर्षी शाळाशाळांची स्पर्धा असते. आयोजक एक खेळ ठरवून देतात आणि मुलांनी काही आठवड्यांत तो खेळ खेळणारा रोबो शून्यातून बांधायचा. यंदाचा खेळ असा, की मैदानात रबरी चेंडू पडलेले असणार. ते उचलून खालच्या पेटीत टाकले तर एक गुण, उंचावरच्या कडीत फेकले तर तीन, आणि शेवटी रोबो दांडीला लोंबकळला तर घसघशीत दहा. वजन मात्र पंचवीस किलोच्या आत हवं. वर गेलात की बाहेर! तिथे विनवण्या, रडारड, ओळखीपाळखी, काही काही चालत नाही.

आमच्या शाळेचा रोबो ओळीने दोन वर्षं याच तपासणीत नापास झाला होता. मुलं मैदानाबाहेर बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवून घरी आली. त्यात सगळ्यात जास्त हाल ड्रायव्हरचे. ड्रायव्हर म्हणजे रिमोट घेऊन रोबो चालवणारा मुलगा. हा पठ्ठ्या रोज शाळा सुटल्यावर वर्गातल्या खुर्च्या पॅसेजमध्ये मांडायचा आणि त्यांच्यामधून जुना रोबो नागमोडी पळवायचा. खुर्चीला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून. एवढी तयारी करून मैदानात उतरला किती? एकदाही नाही! आणि यंदा त्याचं शाळेतलं शेवटचं वर्ष.

"बाबा," कन्येने मला बजावलं. ती संघाची कप्तान. "जिंकू, हरू, ते नंतर बघू. पण यंदा वजनात पास व्हायचंच. त्याला एकदा तरी खेळायला मिळालं पाहिजे."

"झालाच पास म्हणून समज!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. हात खरं तर जरा खालीच पडला, पण भावना छातीतलीच होती.

पहिल्या दिवशी मी शाळेच्या त्या खोलीत शिरलो, बाह्या सरसावल्या आणि टेबलावरचा पाना उचलला. त्याबरोबर सगळी मुलं एका सुरात ओरडली, "काका, हात!"

मला वाटलं, शॉक बसतोय की काय! पाना खाली टाकला. मग कळलं, तो नियम आहे. रोबो मुलांनीच बांधायचा. मार्गदर्शकाने फक्त मार्ग दर्शवायचा. स्क्रू, पाना, वायर, कशालाही मोठ्या माणसाचा हात लागता कामा नये. सांगा, आता या हातांचं करायचं काय? खिशात घातले तर मी वसुलीला आल्यासारखा दिसतो. मागे बांधले तर शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यासारखा. शेवटी हातांनी आपला मार्ग आपणच शोधला. विज्ञानाच्या बाईंनी मुलांसाठी कपाटावर बिस्किटांचा एक मोठा डबा ठेवला होता. त्याला हात लावायला नियमात कुठेही मनाई नव्हती.

मग वजनाच्या वाटण्या झाल्या. पंचवीस किलो, आणि मागणारे तिघं. सख्ख्या भावांनी काय घराच्या वाटण्या कराव्यात!

चेंडू फेकायचं यंत्र करणारी एक मुलगी होती. तिला सगळे तोफखाना म्हणत. तिने बसल्या बसल्या आठ किलो मागितले. दुसरा वायरमन. वायरिंग त्याचं आणि दांडीला लोंबकळणारा हातही त्याचाच.

"आठ? माझी नुसती बॅटरीच चार किलोची आहे," वायरमन उसळला. "मी काय हवेत लोंबकळू?"

"लोंबकळायचंच आहे ना तुला? मग हवेतच लोंबकळ की!" तोफखाना म्हणाली.

"चाकांना तरी काही ठेवा," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "रोबो जागेवर उभा राहून काय करणार?"

कन्येने दोघांच्या मधे बसून सगळ्यांचे किलो ठरवून दिले. तोफ पाच किलोंवर आली. मी मधूनमधून "शाब्बास", "तडजोड हवी" असं म्हणत दोन-तीन बिस्किटांना न्याय दिला.

पुढचे काही आठवडे ड्रिल, हातोडी आणि भांडणं यांच्या आवाजात गेले. सांगाडा उभा राहिला, चाकं लागली, तोफ बसली, लोंबकळणारा हात बसला. दिसायला रोबो म्हणजे अंगावर सगळे दागिने एकदम घातलेल्या नवरीसारखा झाला होता. आता वजन करायचं होतं. शाळेत वजनकाटा होता तो मुलांची उंची-वजनं घ्यायचा, आणि त्याची सुई बऱ्याच वर्षांपूर्वी चाळीसवरच निवृत्त झाली होती. तेव्हा मी घरचा न्हाणीघरातला काटा आणला. पण रोबो एवढा रुंद, की काट्यावर ठेवला की आकडाच झाकला जायचा!

इथे, मंडळी, माझा अनुभव कामी आला. "सोपं आहे," मी म्हणालो. "मी रोबो उचलून काट्यावर उभा राहतो. जो आकडा येईल, त्यातून माझं वजन वजा करा. उरेल तो रोबो!"

मुलांनी आधी नियम तपासले. बांधायला बंदी होती, पण हमालीला परवानगी निघाली.

"काका, तुमचं वजन किती?" वायरमनने खडू उचलला.

"बहात्तर," मी म्हणालो.

"बाबा, आधी नुसते उभे राहता का काट्यावर?" कन्या म्हणाली.

पोटची पोर! चारचौघांत! मी म्हणालो, "अगं, लग्नात बहात्तर होतं, तेव्हापासून बहात्तरच आहे. माझं वजन म्हणजे काय भाजीचा भाव आहे का, रोज विचारायला? ज्याचा जन्म किलो मोजण्यात गेला, त्याला स्वतःचे किलो माहीत नसतील होय?"

पोरांनी माना डोलावल्या. वायरमनने फळ्यावर लिहिलं, 'काका = ७२', आणि भोवती चौकट काढली. खाली 'पुसू नये' असंही लिहिलं. शास्त्रज्ञांच्या नावाने असे आकडे असतात म्हणे. मला भरून आलं.

मी रोबोला मिठी मारली, उचलला आणि काट्यावर चढलो. सगळी डोकी माझ्या पायांशी वाकली.

"एकशे एक," कन्या म्हणाली.

वायरमनने वजाबाकी केली आणि खडू खाली ठेवला. "एकोणतीस."

चार किलो जास्त! तिसऱ्या वर्षीही तेच! ड्रायव्हर खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. त्याची ती पाठ मला बघवेना. मी डब्यातून एक बिस्किट घेतलं आणि म्हणालो, "पोरांनो, घाबरायचं नाही. वजन कमी करणं म्हणजे शेवटी काय? मनाचा निर्धार! तोंडावर ताबा ठेवायचा." रोबोला तोंड नव्हतं, हे मला बोलून झाल्यावर लक्षात आलं.

ताबडतोब सभा बसली. काय ठेवायचं, काय टाकायचं? पहिला बळी लोंबकळणाऱ्या हाताचा गेला. वायरमनने तो स्वतः उतरवला. आधी दोन्ही हातांवर घेऊन जरा वेळ उभा राहिला, मग कोपऱ्यात ठेवून त्यावर आपला रुमाल पसरला. त्या हाताचं वजन मात्र स्वतंत्र करता आलं. दोन किलो भरलं.

आठवड्याने पुन्हा वजन झालं. मी रोबोसकट चढलो.

"शंभर," कन्या म्हणाली.

"म्हणजे अठ्ठावीस," वायरमन म्हणाला आणि डोकं खाजवायला लागला. "दोन किलोचा हात काढला आणि वजन उतरलं एकच किलो? दुसरा किलो कुठून आला?"

सगळ्यांनी विचार केला. तोफखान्याला संशय, की वायरमनने गुपचूप जाड वायर घातली. वायरमनला संशय, की तोफखान्याने गुपचूप मोठी स्प्रिंग घातली. दोघांनी एकमेकांचं सामान उपसून काढलं, काही सापडलं नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मार्गदर्शकाने अशा वेळी गप्प राहून चालत नाही. मी हनुवटीवर हात ठेवून सांगितलं, "दमटपणा! बंद खोलीत धातूला हवेतला दमटपणा धरतो. लिफ्टमध्ये हे मी नेहमी बघतो."

लिफ्टमध्ये हे मी उभ्या जन्मात कधी बघितलेलं नाही. पण त्या दिवसापासून मुलं रोबोसमोर पंखा लावून ठेवू लागली. शेजारी बसून वारा घेत मी बिस्किटं खात असे. बाईसुद्धा मोठ्या मनाच्या, डबा संपायच्या आत भरायच्या. "मुलं किती कष्ट करतायत, किती भूक लागते त्यांना," असं म्हणायच्या. मी म्हणायचो, "हो ना!"

दमटपणा काही जाईना. मग वायरमनने ड्रिल हातात घेतलं आणि सांगाड्याला भोकं पाडायला सुरुवात केली. जिथे म्हणून धातू दिसेल तिथे भोक! खोलीभर चकचकीत भुगा. रोबोची पार चाळणी झाली. आरपार पलीकडचा माणूस ओळखता यायचा. तो सगळा भुगा गोळा केला तर एक किलो भरला. मोठ्या आशेने मी काट्यावर चढलो. आकडा होता तिथेच! एक किलो भुगा डोळ्यांसमोर पिशवीत, आणि काटा जागचा हलायला तयार नाही!

"काका," तोफखाना म्हणाली, "नक्की बहात्तर ना?"

"नक्की!" मी म्हणालो. पोरीच्या आवाजात एवढा अविश्वास! आजकालच्या मुलांना मोठ्यांविषयी आदर म्हणून राहिलेला नाही, हे मी त्याच दिवशी हिला सांगितलं.

ही माझ्या पँटकडे बघत होती. "बेल्टला नवीन भोक कुणी पाडलं?"

"वायरमनने. ड्रिल चालूच होतं, म्हटलं, एक इथेही पाड. मला हात लावायला बंदी आहे."

"आणि पँटचं वरचं बटण?"

"धोब्याने आटवली पँट."

"तिन्ही? एकाच महिन्यात?"

"इस्त्री गरम असेल."

"अहो, एकदा वजन तरी करा स्वतःचं!"

"काटा शाळेत आहे," मी म्हणालो. बायकांशी वाद घालताना मुद्दा असा बिनतोड हवा.

इकडे स्पर्धा जवळ आली आणि रोबो काही पंचवीसच्या आत येईना. शेवटी व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी कन्येने सगळ्यांना जमवलं आणि ती म्हणाली, "तोफ काढावी लागेल."

आमचा सगळा डाव त्या तोफेवर उभा होता. उंच कडीत चेंडू टाकायचे आणि तिनातिनाने गुण लुटायचे, म्हणून तोफखान्याने ती पाच वेळा मोडून पाच वेळा केली होती. शेवटची केली ती दहा चेंडूंतले नऊ कडीत टाकायची. तोफखाना उठली. तिने पाना घेतला, एकेक बोल्ट सोडवला, आणि शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मी चेंडू ढकलत ढकलत पेटीत टाकीन," ड्रायव्हर तिला म्हणाला. "एकेक तर एकेक. खूप टाकीन."

वातावरण फार जड झालं होतं. मी त्यागाचं महत्त्व या विषयावर चार शब्द बोललो. बोलताना डबा हातातच होता.

तरीही पुरेसं नव्हतंच! मग धातूच्या पत्र्याच्या जागी पातळ प्लायवूड आलं. मोठी चाकं जाऊन लहान चाकं आली. शेवटी रोबो म्हणजे चार चाकं, एक बॅटरी आणि चेंडू ढकलायला पुढे एक फळी एवढाच उरला. केरसुणीला मोटर लावली तर याहून रुबाबदार दिसली असती! पण शेवटच्या वजनाला काटा म्हणाला शहाण्णव. वजा बहात्तर, चोवीस! मुलं नाचली. ड्रायव्हरने मला मिठी मारली, म्हणजे जेवढा मी त्याच्या मिठीत आलो तेवढी मारली.

स्पर्धेचा दिवस उजाडला. मैदान एका मोठ्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. लिफ्ट आमच्याच कंपनीची! मी मुलांना अभिमानाने सांगितलं, "या लिफ्टचा वजनाचा सेन्सर बसवताना मी स्वतः हजर होतो. जगात सगळं चुकेल, हा चुकणार नाही."

मुलं आत शिरली, रोबो आत आला, सामानाची पेटी आली, मी आलो. भोंगा सुरू झाला. वजन जास्त!

"पेटी बाहेर काढा," मी म्हणालो. काढली. भोंगा चालूच.

"रोबो काढा." रोबो घेऊन ड्रायव्हर बाहेर उतरला. भोंगा चालूच!

"हा काय आचरटपणा आहे!" मी खाली उभ्या असलेल्या रखवालदाराला हाक मारायला एक पाऊल बाहेर टाकलं. भोंगा थांबला. रोबो आत गेला, पेटी आत गेली, भोंग्याने हूं की चूं केलं नाही. दरवाजा बंद झाला आणि लिफ्ट मुलांना घेऊन वर निघून गेली.

"सकाळपासून पहिल्यांदाच वाजली हो," रखवालदार कौतुकाने म्हणाला.

"सेन्सर बिघडलाय," मी म्हणालो आणि जिना चढायला लागलो.

धापा टाकत वर पोचलो तेव्हा आमचा रोबो तपासणीच्या टेबलाजवळ पोचला होता. तपासनीस मिशाळ, गंभीर माणूस. त्याच्याकडे जमिनीवर ठेवायचा मोठा चौकोनी काटा होता. ड्रायव्हरने रोबो उचलून त्यावर ठेवला. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. माझा आधीच कुठे सापडत नव्हता.

"पास," तपासनीस म्हणाला आणि रोबोवर हिरवी चिठ्ठी चिकटवली.

काय सांगू तुम्हाला! मुलं एकमेकांच्या गळ्यात पडली. ड्रायव्हर तर तिथेच जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी रुमाल काढला. बघा, बघा, म्हटलं, मार्गदर्शक असावा तर असा!

"पण मला एक सांगा," तपासनीस म्हणाला. "पंधराच किलो? बाकीचे दहा किलो कशासाठी सोडलेत?"

"चोवीस," वायरमन म्हणाला.

"पंधरा." त्याने बोट दाखवलं. काट्यावर लख्ख पंधरा.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो. दिवसभरात बिघडलेलं हे दुसरं यंत्र. तपासनिसाने रोबो खाली उतरवला आणि कपाटातून दहा किलोचं शिक्क्याचं वजन काढून काट्यावर ठेवलं. काटा म्हणाला, दहा.

वायरमन हवेत बोटाने आकडे लिहायला लागला. "शेवटचा आकडा शहाण्णव होता. त्यातून रोबो पंधरा गेला, तर..." त्याचं बोट हवेतच थांबलं. मग तो सावकाश वळला. मग तोफखाना वळली. मग कन्या. सगळ्यांच्या नजरा माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरल्या आणि जिथे थांबायच्या तिथे थांबल्या.

"काटा मोकळाच आहे," तपासनीस अदबीने म्हणाला. "या ना, साहेब."

चढलो. करतो काय!

"एक्याऐंशी," सगळे एका सुरात म्हणाले.

"बूट आहेत पायात," मी म्हणालो.

"नऊ किलोचे बूट, बाबा?" कन्या म्हणाली.

"मी तोफ काढली," तोफखाना म्हणाली. "पाच किलोची तोफ होती माझी. नव्वद टक्के नेम होता! आणि पहिलं वजन केलं त्या दिवशी, सगळं अंगावर असताना, आपण पंचवीसच्या आतच होतो!"

"मी दमटपणासाठी पंखा लावला," वायरमन कुणाशी तरी, बहुतेक स्वतःशीच म्हणाला. "लोकांना सांगितलंसुद्धा, की लावा म्हणून."

खरं सांगतो, त्या वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण तिलाही माझं वजन झेपलं नसतं. तोफ शाळेत कोपऱ्यात पडलेली, पहिली फेरी सुरू व्हायला आलेली. आता काहीही परत बसवायला वेळ नव्हता. "माझं चुकलं, पोरांनो," एवढंच कसंबसं म्हणालो.

ड्रायव्हर उठला. त्याने रोबो एका हाताने उचलून काखेत मारला, अगदी दप्तर मारावं तसा.

"मला खेळायला मिळतंय ना?" तो म्हणाला. "मग चला. रडायचं ते नंतर रडू."

मैदानात बाकीचे रोबो बघितले. एकेक जण कपाटाएवढा! ज्याने त्याने किलो न् किलो वसूल केलेला. आणि त्यांच्यात आमची ही मोटर लावलेली केरसुणी. शिट्टी झाली. पहिल्याच धक्क्याला एका कपाटाने आमचा रोबो असा उडवला, की तो गिरकी घेऊन सरळ कुंपणाला जाऊन टेकला. वरच्या बाकांवर ही बसली होती. तिने डोळ्यांवर हात ठेवले.

आणि मग ड्रायव्हर खेळायला लागला.

अहो, त्या कपाटांच्या मधून त्याने रोबो असा काढला, असा काढला, की ती कपाटं एकमेकांवरच आदळायला लागली! मोटारी पंचवीस किलोंच्या हिशेबाने घेतलेल्या आणि अंगावर ओझं पंधराच किलोंचं. रोबो पळतोय कसला, सुटलाच होता! समोरचा तोफ रोखून नेम धरेपर्यंत आमचा एक चेंडू पेटीत. तो वळेपर्यंत दुसरा. तो दांडीला लोंबकळून हुश्श करेपर्यंत आमचे आणखी चार! तोफखाना रडायचं विसरली आणि बाकावर उभी राहून ओरडायला लागली. "डावीकडे! डावीकडे! घाल पेटीत! घाल!"

पहिली फेरी जिंकलो. दुसरीही जिंकलो. दुपारपर्यंत मी इतर पालकांना घोळक्यात उभं करून आमचा डाव समजावून सांगत होतो. "बाकीच्यांनी काय केलं, तर मर्यादा गाठली. आम्ही मर्यादेचा मोह टाळला. चपळता! पहिल्या दिवसापासून माझा हाच आग्रह." कन्या मागून येऊन सगळं ऐकून गेली. जाताना माझ्या बेल्टकडे बघून गेली. पोरीला आईचं वळण आहे.

उपांत्य फेरीत हरलो. एका दांडग्या रोबोने आमच्या रोबोला कोपऱ्यात दाबून धरलं, ते शेवटच्या शिट्टीपर्यंत सोडलंच नाही. पंधरा किलोंनी पंचवीस किलोंपुढे करायचं काय! ड्रायव्हर रिमोट खाली ठेवून आला तेव्हा घामाने निथळत होता आणि हसत होता. "सहा फेऱ्या खेळलो, काका," तो मला म्हणाला. "सहा!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात परीक्षक येत असल्याचं कळलं. रचनेचं बक्षीस द्यायच्या आधी ते प्रत्येक संघाला प्रश्न विचारतात. मी घाईघाईने मुलांना गोळा केलं. "हे बघा, जाणीवपूर्वक हलकी रचना, असं सांगायचं. जाणीवपूर्वक! बाकी काही बोलायचं नाही." आणि परीक्षकांसमोर मार्गदर्शकाने तोंड उघडायचं नाही, हा आणखी एक नियम मला तिथल्या तिथे कळला. मी हात मागे बांधून, ओठ मिटून भिंतीला टेकलो.

"एवढा हलका रोबो कुणीच केलेला नाही," परीक्षक बाई ड्रायव्हरला म्हणाल्या. "हे सुचलं कसं?"

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी भुवयांनी 'जाणीवपूर्वक' असं सांगितलं.

"आमच्या काकांमुळे," ड्रायव्हर म्हणाला. "ते रोबो उचलून काट्यावर उभे राहायचे. आम्ही रोबोचा एक किलो कमी केला, की ते स्वतःचा एक किलो वाढवायचे. त्यामुळे आम्हाला थांबताच आलं नाही."

परीक्षक बाई आधी समजून घेत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि हसता हसता त्यांना खुर्ची द्यावी लागली.

सगळ्यात धाडसी रचनेचं बक्षीस आम्हाला मिळालं! मुलं धावत मंचावर गेली. ड्रायव्हरने रोबो दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला. दुसऱ्या कुठल्याच संघाला तसं करता आलं नसतं. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मलाही मुलांनी हात धरून वर ओढलं, तिघांनी मिळून. मी डोळे पुसले, पोट आत घेतलं आणि मधोमध उभा राहिलो.

"काका, जरा मागे," फोटोग्राफर म्हणाला. मी मागे सरकलो. "अजून जरा. अजून. नाही, तुम्ही असं करा, बाजूलाच व्हा. रोबो दिसत नाहीये."

झालो बाजूला. फोटो झकास आलाय. मध्ये ड्रायव्हर, डोक्यावर रोबो, भोवती सगळी मुलं हसतायत आणि उजव्या कडेला कुणाचं तरी कोपर आहे, ते माझं. हिने तो चौकट करून बैठकीच्या खोलीत लावलाय. पाहुणे विचारतात, "यात तुमचे हे कुठे आहेत?"

ही कोपरावर बोट ठेवून सांगते, "यांचं एवढंच मावलं."